हात केव्हा धुवायचे, कसे धुवायचे: लोकल, टपरी, दर्शनरांग आणि दवाखान्यातली रोजची काळजी

लोकलचा दांडा धरला म्हणून कुणी आजारी पडत नाही. तोच हात न धुता वडापावला लागतो किंवा नकळत डोळ्याशी जातो, तेव्हा आजाराला वाट मिळते. धडधाकट त्वचेतून सर्दीचा विषाणू किंवा जुलाबाचा जंतू आत शिरत नाही. त्याला तोंड, नाक किंवा डोळा लागतो. घराबाहेरच्या काळजीचं सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे. ती ध्यानात राहिली की दिवसभर बाटलीतलं सॅनिटायझर चोळत बसावं लागत नाही, आणि जिथे खरोखर काळजी घ्यायची तिथे ती सुटतही नाही.

२०१५ साली ऑस्ट्रेलियात वैद्यकीय विद्यार्थ्यांचं वर्गात बसलेले असताना चित्रीकरण करून एक पाहणी झाली. प्रत्येक जण तासाला सरासरी २३ वेळा स्वतःच्या चेहऱ्याला हात लावत होता, आणि त्यातले जवळजवळ निम्मे स्पर्श डोळे, नाक किंवा तोंडाला होत होते. ही मुलं डॉक्टर होण्याचं शिक्षण घेत होती! त्यामुळे ‘चेहऱ्याला हात लावू नका’ एवढा सल्ला देऊन भागत नाही. हात चेहऱ्याकडे जाणारच, असं धरून चालावं आणि तो जाण्याआधी स्वच्छ कसा राहील ते पाहावं.

हात धुण्याच्या वेळा

किती वेळा धुतले याला फारसं महत्त्व नाही, वेळ साधली पाहिजे. काहीही खाण्याआधी, शौचाहून आल्यावर, बाहेरून घरात आल्यावर, आजारी माणसाला भेटायच्या आधी आणि नंतर, तान्ह्या बाळाला उचलण्याआधी, डोळ्यांत थेंब घालण्याआधी किंवा लेन्स लावण्याआधी, आणि नाक शिंकरून झाल्यावर. एवढ्या वेळा सांभाळल्या तर मधल्या काळात तुम्ही जिन्याचा कठडा धरलात, नोटा मोजल्यात, लिफ्टचं बटण दाबलंत तरी चिंता नको.

यातली घरात येण्याची वेळ पूर्वी आपोआप पाळली जायची. मागच्या दारी किंवा अंगणात पाण्याचा हंडा असे आणि ‘आधी हात-पाय धू’ हे घरातल्या मोठ्यांचं पहिलं वाक्य. फ्लॅटमध्ये ती जागा राहिली नाही. दार उघडलं की पिशवी सोफ्यावर, हात फ्रिजच्या दाराला आणि मग नातवाच्या गालाला. चप्पल काढली की थेट बेसिनकडे जायचं, वाटेत कशालाही हात नाही, एवढा नियम घरातल्या सगळ्यांनी ठरवून घ्या. किल्ल्या आणि फोन ठेवायला दाराशीच एक ताटली ठेवली की तो पाळणं सोपं जातं.

याचा फायदा किती? बालवाड्यांत आणि वस्त्यांत साबणाने हात धुण्याची सवय लावून झालेल्या अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा जुलाबाचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. साबणाच्या एका वडीने इतकं साधत असेल तर त्याहून स्वस्त औषध नाही.

धुवायचे कसे

आपल्याकडे जेवायला बसताना पुष्कळ लोक फक्त उजवा हात नळाखाली धरतात, बोटं एकमेकांवर फिरवतात आणि झटकून ताटावर बसतात. एक हात एकट्याने धुतला जात नाही. त्याला घासायला दुसरा हात लागतो आणि तो दुसरा हात मळलेला असेल तर काम फुकट जातं. म्हणून जेवण एका हाताने होत असलं तरी धुवायचे दोन्ही.

घड्याळ, अंगठ्या, हातातले धागे काढता आले तर काढा. अंगठीखाली मळ आणि जंतू हमखास राहतात. काढता येत नसतील तर निदान अंगठी फिरवून खालची जागा घासा. हात वाहत्या पाण्याखाली ओले करा आणि नळ बंद करा. पाणी गरम असण्याची गरज नाही, थंड पाण्याने तितकेच हात स्वच्छ होतात. साबण लावून फेस करा आणि तळव्यावर तळवा घासा. मग एका तळव्याने दुसऱ्या हाताची मागची बाजू, नंतर बोटांत बोटं अडकवून बेचक्या. आता अंगठा: तो दुसऱ्या मुठीत धरून गोल फिरवून घासायचा, दोन्ही हातांचा. मग बोटांची टोकं एकत्र करून दुसऱ्या हाताच्या तळव्यावर गोल-गोल घासायची, म्हणजे नखांखाली फेस शिरतो. शेवटी मनगटं. हे सगळं निदान २० सेकंद चालायला हवं. मनात सावकाश वीसपर्यंत मोजा. मग भरपूर पाण्याने धुवा.

अंगठा आणि बोटांची टोकं यांवर मी मुद्दाम जोर देतोय. घाईत हात धुणाऱ्या माणसाचे तळवे स्वच्छ होतात, पण नेमक्या याच जागा सुटतात. चमच्याने जेवणाऱ्याचं त्याने थोडंफार निभावेल. आपण मात्र भाकरी मोडतो, भात कालवतो, घास करतो ते याच अंगठ्याने आणि बोटांच्या टोकांनी, आणि तीच थेट तोंडात जातात. वेळ अगदीच कमी असेल तर तळव्यांचा वेळ कमी करा, बोटांच्या टोकांचा करू नका. नखं वाढवलेली असतील तर हे काम दुप्पट अवघड होतं. लहान मुलांची नखं आठवड्याला कापाच.

साबण नेमकं काय करतो हे कळलं की घासण्याचं महत्त्वही पटतं. साबणाच्या कणाचं एक टोक पाण्याला चिकटतं आणि दुसरं स्निग्ध पदार्थाला. फ्लू आणि करोनाच्या विषाणूंभोवती चरबीचं आवरण असतं, ते साबणाने फाटतं आणि विषाणू निकामी होतो. जुलाबाच्या बऱ्याच विषाणूंना असं आवरण नसतं. ते मरत नाहीत, तर घासण्याने त्वचेवरून सुटतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. म्हणजे साबण, घासणं आणि वाहतं पाणी या तिन्ही गोष्टी लागतात. ‘जंतुनाशक’ असं छापलेला महागडा साबण घ्यायची मात्र गरज नाही. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०१६ साली ट्रायक्लोसॅनसह १९ रसायनं असलेले असे साबण बाजारात विकायला मनाई केली, कारण ते साध्या साबणापेक्षा सरस आहेत हे कंपन्यांना दाखवता आलं नाही. साधी वडी पुरेशी आहे. फक्त ती पाण्यात लोळत राहू नये, जाळीच्या साबणदाणीत ठेवावी.

धुतल्यावर हात कोरडे करणं हा धुण्याचाच भाग आहे, कारण ओल्या हाताला जंतू सहज चिकटतात आणि ओल्या हातातून सहज दुसरीकडेही जातात. खानावळीच्या बेसिनशेजारी टांगलेला नॅपकिन सकाळपासून सगळ्यांनी वापरलेला असतो. त्याला हात पुसलेत तर धुतलेले हात पुन्हा मळले. त्यापेक्षा हवेत झटकून वाळू द्या. मी दोन रुमाल ठेवायला सांगेन: एक घाम-नाक पुसायला, दुसरा फक्त धुतलेल्या हातांना. दोन रंगांचे असले की गोंधळ होत नाही, आणि दोन्ही रोज धुवायचे.

साबण जवळ नसेल तेव्हा

प्रवासात कागदी साबणाची डबी सर्वांत कामाची. खिशात मावते, सांडत नाही. सुकलेल्या बोटांनीच पान काढा, नाहीतर सगळी पानं एकमेकांना चिकटतात. गट मोठा असेल, म्हणजे शाळेची सहल, दिंडी किंवा लग्नाचा टेम्पो, तर साबणाचं पाणी करून न्या: दीड लिटर पाण्यात कपडे धुण्याची पावडर सुमारे ३० ग्रॅम. बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडलं की एक बाटली पुष्कळ लोकांना पुरते. तिच्यावर मोठ्या अक्षरांत ‘साबणाचं पाणी, पिऊ नये’ लिहा.

सॅनिटायझर हा पर्याय आहे, पण साबणाची जागा तो पूर्ण घेत नाही. बाटलीवर अल्कोहोलचं प्रमाण वाचा. ६० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर घेऊ नका. तळव्यात एवढं घ्या की दोन्ही हात सगळीकडून ओले राहतील, आणि २० ते ३० सेकंद, हात आपोआप वाळेपर्यंत, साबणाच्याच क्रमाने चोळा. वाळण्याआधी पुसलंत तर उपयोग नाही. हात चिखलाने, तेलाने किंवा भज्यांच्या ओशटपणाने माखले असतील तर अल्कोहोल खालपर्यंत पोचत नाही. आणि नोरोव्हायरससारख्या, उलट्या-जुलाब करणाऱ्या विषाणूंवर त्याचा प्रभाव तोकडा पडतो. त्यामुळे शौचाहून आल्यावर साबणच. सॅनिटायझर दोन स्टेशनांच्या मधल्या वेळेसाठी.

दोन धोके सांगितलेच पाहिजेत. सॅनिटायझर पेट घेतं. हात पूर्ण वाळल्याशिवाय गॅसपाशी, निरांजनापाशी जाऊ नका. दुसरा धोका मुलांचा. ३१ जानेवारी २०२१ च्या पोलिओ मोहिमेत यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात पाच वर्षांखालच्या १२ मुलांना डोसाऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले आणि त्यांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. मुलं वाचली. घरी सॅनिटायझर पाण्याच्या किंवा सरबताच्या जुन्या बाटलीत कधीही भरू नका आणि मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका.

टपरी, खानावळ आणि पाणी

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण अचानक वाढले; संशयित रुग्णांचा आकडा २०० च्या पुढे गेला. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू सापडला, आणि दूषित पाण्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. हा जिवाणू आधी जुलाब करतो. मग क्वचित एखाद्याच्या बाबतीत शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर चालून जाते आणि हातापायांतलं बळ जातं. पोट बिघडणं म्हणजे दोन दिवसांचा त्रास एवढंच नसतं, हे पुण्याने त्या महिन्यांत पाहिलं. दूषित पाणी जसं कारण, तसं कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं चिकनही. चिकनला हात लावला की लगेच साबणाने धुवा, आणि ते नळाखाली धुऊ नका. शिंतोडे ओटाभर उडतात.

बाहेर खायचंच नाही, असं मी म्हणणार नाही. टपरीवर दोन मिनिटं उभं राहून पाहायचं. कढईतून किंवा तव्यावरून समोर काढलेला पदार्थ वाफाळता मिळत असेल तर तो सहसा सुरक्षित. धोका त्याच्या सोबत्यांचा असतो: पातळ हिरवी चटणी, चिरून ठेवलेला कांदा, पाणीपुरीचं पाणी, कापलेली फळं, बर्फ. पैसे घेणारा आणि पदार्थ हाताळणारा हात एकच आहे का, तेही बघा. ताटल्या एकाच बादलीत बुचकळून पुन्हा पुढे येत असतील तर द्रोण किंवा कागदी प्लेट मागा. वर्तमानपत्रात बांधून दिलेला वडापाव नाकारा. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने सप्टेंबर २०२३ मध्ये देशभरातल्या विक्रेत्यांना आणि ग्राहकांना याबद्दल पुन्हा बजावलं. शाईतली रसायनं पोटात जातात, आणि तो कागद किती हातांतून आला हे कुणालाच सांगता येत नाही. हात धुवायची सोय नसेल तर कोऱ्या कागदाने धरून खा. पदार्थाला बोटं लागू नयेत.

पाणी स्वतःचं न्या. सार्वजनिक पिंपातून घ्यावंच लागलं तर नळ असलेलं पिंप निवडा. ज्यात लोक पेला आणि बोटं बुडवतात ते टाळा. पाणपोई चालवणाऱ्या मंडळांना माझी कळकळीची विनंती: पिंपाला तोटी लावा, निदान लांब दांड्याचं ओगराळं ठेवा.

दर्शनरांग, तीर्थ आणि पंगत

दर्शनबारीत तास-दोन तास लोखंडी कठडे धरून माणूस पुढे सरकतो आणि गाभाऱ्यातून बाहेर येताच त्याच उजव्या तळव्यावर तीर्थ घेऊन ओठांना लावतो. भक्तीत काही कमी न करता यातून सहज वाट काढता येते. रांगेत शिरताना जवळ थोडं सॅनिटायझर ठेवा आणि तीर्थाच्या दोन मिनिटं आधी चोळून वाळू द्या, किंवा तीर्थ-प्रसाद बाहेरच्या नळावर हात धुऊन घ्या. महाप्रसादाच्या मंडपात मंडळांनी पंगतीच्या तोंडाशीच नळ आणि साबण ठेवावा. तो कोपऱ्यात असला तर कुणी जात नाही, वाटेत असला तर सगळे धुतात. वाढप्यांनी आधी धुवावेत, आणि पोळी-पुरी चिमट्याने वाढावी.

डोळे येण्याबद्दल

जुलै २०२३ मध्ये आळंदीत डोळे येण्याची साथ मोठ्या प्रमाणावर पसरली आणि काही आठवड्यांत राज्यभर पोचली. तेव्हा गल्लोगल्ली लोक रुग्णाच्या डोळ्यांत बघायचं टाळत होते. बघितल्याने डोळे येत नाहीत. रुग्ण डोळा चोळतो, तो हात दाराच्या कडीला, बसच्या दांड्याला, टॉवेलला लागतो. तिथून विषाणू तुमच्या हाताला आणि मग तुमच्या डोळ्याला. काळा चष्मा रुग्णाला उजेडाचा त्रास कमी व्हावा आणि डोळ्याला हात लागू नये म्हणून असतो, समोरच्याच्या रक्षणासाठी नाही.

साथ असेल तेव्हा बाहेर असताना डोळा चोळायची इच्छा झाली तर मनगटाची वरची बाजू किंवा स्वच्छ रुमाल वापरा. घरात कुणाचे डोळे आले असतील तर त्याचा टॉवेल, उशीचा अभ्रा, काजळ, थेंबांची बाटली वेगळी करा. थेंब घालणाऱ्याने आधी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. ही साथ घडवणाऱ्या विषाणूंना बहुतेकदा चरबीचं आवरण नसतं, म्हणून इथेही सॅनिटायझरपेक्षा साबण भरवशाचा. पहिले काही दिवस मुलाला शाळेत पाठवू नका.

जिथे हात धुऊन भागत नाही

क्षय आणि गोवर हवेतून पसरतात. फ्लू आणि करोनाही मुख्यतः त्याच वाटेने. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीत गोवराची साथ आली. या रोगाचा विषाणू रुग्ण निघून गेल्यावरही बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. तिथे तुमचे स्वच्छ हात काय करणार? गोवराला लसच हवी, आणि बाकी आजारांना मोकळी हवा. एसटीत, वर्गात, डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत समोरासमोरच्या खिडक्या उघडा. गर्दीच्या बंद जागेत, विशेषतः घरात म्हातारं माणूस किंवा किमोथेरपी चालू असलेलं कुणी असेल तर, चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावा. खोकला तळहातात घेऊ नका, कोपराच्या बेचक्यात घ्या.

क्षयरोग हात मिळवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही. रुग्णाचं ताट-वाटी वेगळी करणाऱ्या घरांना हे सांगावंसं वाटतं. त्याच्या खोलीची खिडकी उघडा, औषधाचा एकही दिवस चुकू देऊ नका. भांडी सगळ्यांचीच वापरा.

सार्वजनिक शौचालय

बैठकीला त्वचा लागल्याने सहसा काही होत नाही. हाताची जागा पाहायची. फ्लश, नळ, पाण्याचा मग आणि आतली कडी या त्या जागा. पिशवी जमिनीवर ठेवू नका, खुंटी नसेल तर गळ्यात अडकवा. आत असताना फोन खिशातून काढू नका. हात धुतले जातात, फोन धुतला जात नाही. बाहेर आल्यावर साबणाने धुवा आणि मुख्य दाराची कडी कोपराने किंवा कागदाने उघडा. फोन दिवसाकाठी एकदा बंद करून, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या मऊ कापडाने पुसा.

दवाखान्यात भेटायला जाताना

१८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने पाहिलं की शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींकडे जाणाऱ्या डॉक्टरांच्या विभागात मृत्यू फार होतात. त्या एप्रिलमध्ये शंभरातल्या १८ बाळंतिणी दगावल्या होत्या. त्याने क्लोरीनच्या द्रावणात हात धुण्याची सक्ती केली आणि जूनपर्यंत प्रमाण शंभरात दोनवर आलं. जंतूंमुळे आजार होतात हे तेव्हा सिद्धही झालं नव्हतं.

आपण भेटायला जातो तेव्हा बाहेरचे जंतू रुग्णाला देतो आणि वॉर्डातले चिवट जंतू घरी आणतो. म्हणून खाटेजवळ जाण्याआधी आणि वॉर्डातून बाहेर पडताना, दोन्ही वेळा हात स्वच्छ करा. खाटेच्या पायथ्याशी लावलेली सॅनिटायझरची बाटली तुमच्यासाठीही आहे. खाटेवर बसू नका. सलाइनच्या नळीला, पट्टीला, लघवीच्या पिशवीला हात लावू नका. स्वतःला सर्दी किंवा जुलाब असतील तर फोनवर बोला, आणि लहान मुलांना नेऊच नका. नर्स किंवा डॉक्टर हात न धुता आले असं वाटलं तर ‘हात धुतलेत ना?’ असं नम्रपणे विचारायचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

तुम्हीच आजारी असाल तर

उलट्या-जुलाब थांबल्यावरही ४८ तास इतरांसाठी स्वयंपाक करू नका, वाढू नका. माणसाला बरं वाटू लागलं तरी विषाणू शौचावाटे पुढेही बाहेर पडत राहतो. घरात उलटी सांडली तर आधी कागदाने टिपून घ्या, मग एक लिटर पाण्यात चार-पाच टक्क्यांचं द्रव ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइट) २० मिली घालून ती जागा ओली करा, निदान पाच मिनिटं ठेवा आणि पुसा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. शौचालय साफ करण्याचं अ‍ॅसिड त्यात कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. घरात लग्न असो की गावात सप्ताह, आचाऱ्याला आणि पोळ्या लाटायला येणाऱ्या बायकांना ‘कुणाचं पोट बिघडलंय का?’ हे आदल्या दिवशी मोकळेपणाने विचारा, आणि जिने हो म्हटलं तिची मजुरी न कापता तिला घरी थांबू द्या.